नायट्रोजनचा हिशेब : सांडपाणी, जिवाणू आणि बायोचार – प्रस्तावना

सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा विचार भारतात दीर्घकाळ प्रामुख्याने दोन निकषांवर होत आला आहे. पाण्यात तरंगणारी घाण किती उरली हा पहिला निकष, आणि त्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना किती प्राणवायू खर्ची पडेल हा दुसरा. या दुसऱ्यालाच जैविक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, असे म्हणतात. दोन्ही निकष आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु ते पुरे करून बाहेर पडणारे निवळशंख पाणीसुद्धा नदीला किंवा तलावाला शेवाळाने आणि जलपर्णीने भरून टाकू शकते, कारण त्यात विरघळलेला नायट्रोजन या दोन्ही मोजमापांतून निसटलेला असतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा निसटलेला नायट्रोजन आहे. तो पाण्यातून काढण्याची जी रीत निसर्गाने जिवाणूंकडे सोपवली आहे ती कशी चालते, आणि शेतातील काडीकचऱ्यापासून तयार होणारा बायोचार नावाचा कोळसा त्या जिवाणूंना कितपत साहाय्य करू शकतो, याची साधार मांडणी येथे केली आहे.

हा नायट्रोजन सांडपाण्यात येतो कोठून, हे आधी पाहणे योग्य ठरेल. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजन वायूचा असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की बहुतेक सजीवांना तो वापरता येत नाही. हा बंध मोठ्या प्रमाणावर तोडण्याची वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉश यांनी तिला कारखान्याचे रूप दिले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे अमोनियाचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. त्यातून निर्माण झालेल्या रासायनिक खतांनी जगाची अन्नान्नदशा टाळण्यास मोठा हातभार लावला, हे निर्विवाद आहे. मात्र खतातून पिकात आणि पिकातून अन्नात आलेला नायट्रोजन शरीरात फार काळ राहत नाही. प्रौढ माणूस जेवढा नायट्रोजन खातो, जवळजवळ तेवढाच तो शरीराबाहेर टाकतो. दर माणशी दररोज सुमारे १० ते १२ ग्रॅम नायट्रोजन सांडपाण्यात येतो, आणि त्याचा बहुतांश हिस्सा एकट्या मूत्रातून येतो, जरी मूत्राचे आकारमान एकूण सांडपाण्याच्या एखाद्या टक्क्याएवढेच असते. दहा लाख वस्तीच्या शहराला हा हिशेब लावला, तर रोज किमान १० टन नायट्रोजन त्या शहराच्या गटारांतून वाहतो असे दिसते.

हे १० टन कोणत्याही यंत्राने नाहीसे होत नाहीत, कारण मूलद्रव्याचा नाश रासायनिक किंवा जैविक क्रियेने होत नसतो. ते पाण्यात राहतील, गाळात बसतील, मातीत जातील किंवा हवेत परततील. पाचवी वाट नाही. म्हणूनच शुद्धीकरणाच्या कोणत्याही पद्धतीला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘नायट्रोजन किती कमी झाला’ एवढाच असून भागत नाही. ‘कमी झालेला नायट्रोजन गेला कोठे’ हे विचारावे लागते. प्रस्तुत ग्रंथातील प्रत्येक प्रकरण याच प्रश्नाच्या कसोटीवर लिहिले गेले आहे, आणि जिवाणू व बायोचार यांच्या जोडीचे खरे मोलही याच कसोटीवर ठरते.

नायट्रोजनच्या अतिरेकाचे परिणाम त्याच्या रूपांनुसार वेगवेगळे असतात. ताज्या सांडपाण्यात तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. पाणी उदासीन असेल तर त्यातील बहुतेक भाग अमोनियम नावाच्या धनभारित कणाच्या, म्हणजे आयनाच्या, रूपात राहतो. परंतु पाण्याचा अल्कधर्म वाढला, की त्यातून मुक्त अमोनिया सुटू लागतो आणि तो अत्यल्प प्रमाणातही माशांना घातक असतो. हाच अमोनिया नदीत पोहोचल्यावर जिवाणू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि त्यासाठी अमोनियातील दर ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू पाण्यातून ओढून घेतात. पुढे नायट्रेट आणि त्याच्या सोबतीने आलेला फॉस्फरस हे शेवाळाचे खाद्य बनतात. शेवाळ माजते, मरते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. पाणवठ्याच्या या अतिपोषणाला शास्त्रीय परिभाषेत सुपोषण म्हणतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी पवना, मुळा आणि मुठा यांच्यामार्गे भीमेला आणि भीमेतून उजनीच्या जलाशयाला मिळते. त्या जलाशयातील हिरवट पाणी आणि नद्यांच्या पात्रांवर पसरणारी जलपर्णी ही सुपोषणाचीच ठळक लक्षणे आहेत, आणि सोलापूर शहराची तहान याच जलाशयावर भागते, ही बाब विसरता येण्याजोगी नाही.

भूजलाची गोष्ट याहून अधिक अदृश्य आहे. जेथे भूमिगत गटारे नाहीत तेथे सेप्टिक टाकीतून निघणारे पाणी शोषखड्ड्यात जिरते. वाटेत मातीतील जिवाणू त्यातील अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि मातीचे कण बहुधा ऋणभारित असल्याने तितकाच ऋणभारित असलेला नायट्रेटचा आयन तेथे अडकून न राहता पाण्याबरोबर थेट विहिरीपर्यंत उतरतो. शेतातील खतांमुळे होणारा निचरा त्यात भर घालतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत ही मर्यादा ओलांडणाऱ्या विहिरी व कूपनलिका आढळल्या आहेत. अशा पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाच्या पोटात गेले, तर नायट्रेटचे नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडते, ही गोष्ट अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरींच्या पाण्याशी जोडून दाखवली.

या रूपांतरांमागे सजीवांचा हात आहे, हे ज्ञान दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. त्या काळी मातीत नायट्रेट तयार होणे ही निव्वळ रासायनिक क्रिया मानली जात असे. १८७७ मध्ये फ्रान्समधील तेओफिल श्लेझिंग आणि आशिल म्युंत्झ यांनी मीटरभर लांबीच्या रुंद नळीत तापवून निर्जंतुक केलेली वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली आणि वरून रोज ठरावीक प्रमाणात सांडपाणी इतक्या संथपणे सोडले की ते खाली उतरण्यास आठ दिवस लागावेत. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. नंतर नायट्रेट दिसू लागले, झपाट्याने वाढले आणि अखेरीस बाहेर येणाऱ्या पाण्यात अमोनियाचा मागमूस उरला नाही. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया थांबली. वाफ काढून घेतल्यानंतरही ती आपोआप सुरू झाली नाही. परंतु सुपीक मातीचे धुवण नळीत ओतताच थोड्याच दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले. गुंगीच्या औषधाने थांबणारी आणि चिमूटभर मातीने पुन्हा जिवंत होणारी क्रिया सजीवांचीच असणार, हा निष्कर्ष अटळ होता. पहिल्या वीस दिवसांची ती स्तब्धताही बोलकी आहे, कारण मंद गतीने वाढणाऱ्या या जिवाणूंना वसण्यासाठी जागा आणि अवधी द्यावा लागतो, हा धडा आजच्या प्रत्येक शुद्धीकरण केंद्राला तितकाच लागू पडतो.

सर्गेई विनोग्रादस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले आणि त्यांचे दोन गट असल्याचे सिद्ध केले : एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. या जोडक्रियेला नायट्रीकरण म्हणतात. तिच्या उलट दिशेची क्रिया, म्हणजे नायट्रेटचे पुन्हा नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे विनायट्रीकरण, हेही जिवाणूंचेच काम आहे, हे उलिस गेयाँ आणि गाब्रिएल द्युपेती यांच्या १८८० च्या दशकातील संशोधनाने स्पष्ट केले. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी हवा खेळवलेल्या सांडपाण्यातील जिवाणूयुक्त गाळ टाकून न देता पुनःपुन्हा वापरण्याची पद्धत मांडली, जी आज सक्रिय गाळ पद्धत म्हणून जगभर रूढ आहे. त्यांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर हे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते.

नायट्रोजन पाण्यातून खऱ्या अर्थाने बाहेर काढण्यासाठी नायट्रीकरण आणि विनायट्रीकरण या दोन्ही क्रिया एकामागून एक घडाव्या लागतात, आणि नेमकी येथेच अडचण उभी राहते, कारण दोघींच्या गरजा परस्परविरोधी आहेत. नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना भरपूर प्राणवायू हवा असतो. वर उल्लेखिलेल्या दहा लाख वस्तीच्या शहरासाठी तो रोज सुमारे ४६ टन लागेल आणि तो पाण्यात मिसळण्यासाठी ब्लोअर अहोरात्र चालवावे लागतील. शिवाय ही क्रिया पाण्यातील अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, संपवत नेते. विनायट्रीकरण करणारे जिवाणू मात्र प्राणवायू नसेल तेव्हाच नायट्रेटकडे वळतात आणि त्यांना ऊर्जेसाठी सेंद्रिय कार्बन लागतो, जो पहिल्या टप्प्यातील हवेने बव्हंशी जाळून टाकलेला असतो. त्यांची क्रियाही एका झटक्यात पूर्ण होत नाही : नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू, अशा चार पायऱ्या असतात. शेवटची पायरी चढवणारे विकर, म्हणजे पेशीतील क्रिया घडवून आणणारे प्रथिन, तांब्यावर अवलंबून असते आणि प्राणवायू किंवा आम्लता यांच्या स्पर्शाने सहज निकामी होते. तसे झाले, की क्रिया नायट्रस ऑक्साइडवरच अडते, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो. पाणी स्वच्छ झाले आणि हवा बिघडली, असा हा व्यवहार असतो. ‘नायट्रोजन गेला कोठे’ हा प्रश्न न विचारणाऱ्या अहवालात तो यश म्हणून नोंदला जातो.

या मार्गाला एक जवळची वाटही आहे. अमोनिया आणि नायट्राइट यांची प्राणवायूविना थेट सांगड घालून नायट्रोजन वायू करणारे जिवाणू असले पाहिजेत, असे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्ये निव्वळ ऊर्जेच्या गणितावरून सांगितले होते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे एका कारखान्याच्या सांडपाणी संयंत्रात ती क्रिया १९९० च्या दशकात प्रत्यक्ष आढळली आणि तिला ॲनामॉक्स हे नाव मिळाले. या वाटेने हवेचा खर्च निम्म्याहून अधिक वाचतो आणि सेंद्रिय कार्बन लागतच नाही. परंतु हे तांबूस रंगाचे जिवाणू इतक्या सावकाश वाढतात की त्यांची संख्या दुप्पट होण्यास साधारण दहा-बारा दिवस लागतात. रॉटरडॅम येथे २००२ मध्ये उभारलेले पहिले मोठे संयंत्र पूर्ण क्षमतेला येण्यास साडेतीन वर्षे लागली. अशा जिवाणूंच्या बाबतीत त्यांना वाढवण्याइतकेच महत्त्व त्यांना वाहून जाऊ न देण्याला असते.

बायोचारचे प्रयोजन या सर्व अडचणींच्या संदर्भात समजून घ्यावे लागते. लाकूड, भुसा, करवंटी यांसारखा वनस्पतिजन्य माल हवा जवळजवळ न लागू देता साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजला, की त्यातील वायू आणि तैलद्रव्ये निघून जातात आणि मागे कार्बनने समृद्ध, सच्छिद्र कोळसा उरतो. तो इंधन म्हणून न जाळता माती किंवा पाणी यांच्या सुधारणेसाठी वापरला, की त्याला बायोचार म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठीचा कच्चा माल मुबलक आहे : विदर्भातील पऱ्हाट्या आणि तुराट्या, कोकणातील भाताचा तूस आणि नारळाच्या करवंट्या, ऊसपट्ट्यातील पाचट. यांपैकी बराच माल आज बांधावर पेटवून दिला जातो.

बायोचार नायट्रोजन शोषून घेतो, एवढेच सांगून अनेकदा त्याची शिफारस केली जाते. ती अपुरी आहे. त्याच्या पृष्ठभागावरील ऋणभारित जागा अमोनियमला धरून ठेवतात हे खरे, आणि या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. परंतु एक ग्रॅम बायोचारने पाच मिलिग्रॅम नायट्रोजन धरला असे मानले, तर दहा लाख वस्तीच्या शहराचे १० टन पकडण्यासाठी रोज २,००० टन बायोचार लागेल. हे अशक्यप्राय आहे. नायट्रेट तर ऋणभारित असल्याने साध्या बायोचारला फारसे चिकटतच नाही. केवळ अधिशोषणाच्या बळावर नायट्रोजनची समस्या सुटत नाही, ती पाण्यातून उचलून कोळशावर ठेवली जाते, एवढेच.

चित्र पालटते ते त्याच कोळशावर जिवाणू वस्तीला आले म्हणजे. भाजलेल्या पऱ्हाटीचा एक दाणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर झाडाच्या मूळ जलवाहिन्यांचे पोकळ नळे त्यात शाबूत दिसतात. काही मायक्रोमीटर रुंदीच्या या नळ्यांत, एखाद्या मायक्रोमीटर लांबीचे जिवाणू चिकट थर करून राहतात, ज्याला जैवपटल म्हणतात. बायोचारचे अफाट पृष्ठफळ म्हणून जे आकडे सांगितले जातात ते मुख्यतः याहून हजारपट बारीक छिद्रांचे असतात, ज्यांत कोणताही जिवाणू शिरू शकत नाही. ती छिद्रे रेणूंसाठी, आणि रुंद नळे जिवाणूंसाठी, असा भेद करणे आवश्यक आहे. दाण्याच्या बाह्य भागात प्राणवायू पोहोचतो, म्हणून तेथे नायट्रीकरण चालते. आत जावे तसा प्राणवायू वाटेतच संपतो, म्हणून तेथे विनायट्रीकरणाला वाव मिळतो. परस्परविरोधी गरजांच्या दोन क्रिया अशा प्रकारे एकाच दाण्यात शेजारी नांदू शकतात. कोळशाने धरलेला अमोनियम जिवाणू खाऊन टाकतात आणि रिकामी झालेली जागा पुढच्या अमोनियमसाठी मोकळी होते. सकाळ-संध्याकाळ उसळणारा सांडपाण्याचा भार कोळसा झेलतो आणि जिवाणू तो दिवसभर पुरवून निकालात काढतात. मंद वाढीच्या ॲनामॉक्स जिवाणूंना तर असा आधार वाहून जाण्यापासूनचे संरक्षणच ठरतो.

याखेरीज बायोचारचे दोन गुण अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहेत. विनायट्रीकरण ही मुळात इलेक्ट्रॉनांची देवघेव आहे, आणि बायोचारच्या पृष्ठभागावरील क्विनोन नावाचे रासायनिक गट इलेक्ट्रॉन घेऊ व देऊ शकतात. अधिक तापमानाला भाजलेल्या कोळशातील कार्बनचे पापुद्रे तर इलेक्ट्रॉन वाहूनही नेतात. शिवाय त्यातील राखेचा अल्कधर्मी गुण आम्लता कमी करतो, आणि म्हणून नायट्रस ऑक्साइडचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारी ती नाजूक शेवटची पायरी पूर्ण होण्यास अनुकूल परिस्थिती मिळते. मातीवरील अनेक प्रयोगांत बायोचारमुळे नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन घटल्याचे दिसले आहे, मात्र ते सर्वत्र आणि सारख्या प्रमाणात घडते असे नाही.

या विषयावर लिहिताना उत्साहाला आवर घालणे हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. बायोचार हा एकजिनसी पदार्थ नाही. कच्चा माल, भाजण्याचे तापमान आणि अवधी बदलला की त्याचे गुण बदलतात. कमी तापमानाच्या कोळशावर अमोनियम धरणाऱ्या जागा अधिक असतात, तर विद्युतवाहकता जास्त तापमानाला येते. एकच माल दोन्ही कामांना सारखाच उत्तम असू शकत नाही. प्रयोगशाळेत शुद्ध अमोनियमच्या द्रावणात मिळालेले आकडे खऱ्या सांडपाण्यात घसरतात, कारण तेथे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि पोटॅशियम त्याच जागांवर हक्क सांगतात. निष्काळजीपणे भाजलेल्या कोळशात कर्करोगकारक बहुवलयी कर्बसंयुगे राहू शकतात, आणि शहरी गाळापासून केलेल्या कोळशात जड धातू साठतात. बारीक चुरा गाळणीचा थर तुंबवतो. ही सर्व बंधने प्रस्तुत ग्रंथात स्वतंत्रपणे विचारात घेतली आहेत, कारण ती लपवून उभारलेले संयंत्र पहिल्याच पावसाळ्यात बंद पडते आणि त्याच्याबरोबर चांगली कल्पनाही बदनाम होते.

ही जोडी कोणत्या ठिकाणी शोभेल, याचे उत्तरही या मर्यादांतूनच मिळते. महानगराच्या अवाढव्य केंद्रांत बायोचार पूरक भूमिका बजावू शकेल. तेथील मुख्य भार नियंत्रित वायुवीजन आणि ॲनामॉक्ससारख्या पद्धतींनाच पेलावा लागेल. परंतु वसतिगृहे, आश्रमशाळा, कारखान्यांच्या वसाहती, नगरपंचायती आणि सेप्टिक टाक्यांवर अवलंबून असलेल्या वस्त्या येथे, जेथे विजेचा भरवसा कमी आणि जागा तुलनेने उपलब्ध असते, तेथे बायोचार मिसळलेले गाळणीचे थर आणि कृत्रिम पाणथळी यांचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धती अशाच वनस्पतियुक्त थरांवर आधारलेली आहे. वापरून झालेला, अमोनियम धरलेला कोळसा रोगजंतू व जड धातूंची तपासणी करून शेतात परत गेला, तर हिशेबातील एक हिस्सा पुन्हा खताच्या खात्यात जमा होतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातील नागरी भागांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २०,२३५ दशलक्ष लिटरवर. प्रक्रिया न झालेल्या पाण्याचा प्रश्न एवढा मोठा असताना नायट्रोजनची चर्चा ही चैन आहे, असा आक्षेप घेतला जातो. शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या मानकांसाठीच्या २०१५ च्या मसुद्यात सुचवलेली अमोनिया आणि एकूण नायट्रोजनची मर्यादा २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून वगळली गेली, यामागेही खर्चाची चिंता होती, असे मानण्यास जागा आहे. तथापि उरलेल्या पाण्यासाठी जी केंद्रे यापुढे उभी राहणार आहेत ती पुढील तीस-चाळीस वर्षे चालणार आहेत. नायट्रोजनची तरतूद आज आराखड्यात केली नाही, तर उद्या ती कितीतरी अधिक खर्चाने जोडावी लागेल. नायट्रोजन तोपर्यंत थांबत नाही.

ग्रंथाच्या पूर्वार्धात नायट्रोजनचक्र, त्यातील जिवाणू आणि त्यांच्या क्रियांचे मापन यांचे विवेचन आहे; उत्तरार्धात बायोचारची निर्मिती, परीक्षण, त्यावरील जैवपटलाची जडणघडण आणि संयंत्रांची आखणी हे विषय क्रमाने येतात. अभियांत्रिकी आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, नगरपरिषदांचे अभियंते आणि शेतकरी गट हा त्याचा अपेक्षित वाचकवर्ग आहे, आणि म्हणून परिभाषा प्रथम येईल तेथेच उलगडून सांगितली आहे. या वाचकांकडून एक अपेक्षा मात्र आहे : बायोचारचा वा जिवाणूमिश्रणाचा कोणताही दावा समोर आला, की आत येणारा नायट्रोजन, बाहेर जाणारा नायट्रोजन, कोळशावर आणि गाळात राहिलेला नायट्रोजन आणि हवेत गेलेला वायू, या चारही खात्यांची किमान एका वर्षाची, उन्हाळा-पावसाळा धरून केलेली मोजणी त्यांनी मागावी. अशी मोजणी गावोगावच्या संयंत्रांवर होऊ लागली आणि तिचे आकडे मराठीत खुलेपणाने प्रसिद्ध होऊ लागले, तर या ग्रंथातील अनेक विधाने सुधारावी लागतील, आणि त्यातच या ग्रंथाचे साफल्य असेल.